चोर्ल्याला जाणारी गाडी शोरूममध्ये कशी ओळखायची

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावच्या शहापुरात राहणारं सहा माणसांचं घर: नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं आणि सत्तरी ओलांडलेले आई-वडील. आजवर सेडानच वापरली, आधी डिझायर, आता होंडा सिटी. रोजचं जाणं-येणं उद्यमबाग आणि मुलांची शाळा एवढंच. अधूनमधून खानापूर तालुक्यातलं शेत, सुट्टीत चोर्ला घाटातून गोवा, वर्षातून दोन-तीनदा पुणे. आता एसयूव्ही घ्यायची आहे. ती सेडानपेक्षा सुरक्षित असते ना, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, घ्यावी का, डिझेल की पेट्रोल, कोल्हापूरला पासिंग केलं तर लाखभर वाचतात हे खरं का, आणि चालवण्यात असा काय मोठा फरक पडतो, असं विचारलंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, का म्हटल्यावर बाकीची उत्तरं त्याच्यावरच अवलंबून आहेत. फरक पडतो, आणि पहिल्या आठवड्यात तो कळत नाही. माझं काम सस्पेन्शन आणि व्हील अलाइनमेंटचं. सेडानवरून एसयूव्हीवर आलेल्या माणसाची गाडी मला बऱ्याचदा पुढच्या टायरांवरून ओळखता येते. मधला भाग अजून नवा दिसतो आणि बाहेरचे खांदे मात्र खाल्लेले असतात. मशीनवर लावून बघितलं तर अलाइनमेंट बरोबर, हवाही बरोबर. मालकाला विचारलं की कळतं, गोव्याला जाणं-येणं आहे आणि घाटातली वळणं अजून सेडानच्याच वेगानं घेतली जातायत. गाडी पुढं सरळ ढकलली जाते, टायर खांद्यावर घासत वळतो. मालकाला यातलं काही जाणवत नाही, कारण तो उंचावर बसलेला असतो. रस्ता डोळ्यांपासून लांब गेला की तोच वेग कमी वाटतो. सेडानमध्ये साठला जेवढी घाई वाटायची तेवढी एसयूव्हीत ऐंशीला वाटते, म्हणून पहिले काही महिने कानाच्या आणि डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका, काट्याकडं बघा.

सिटीची उंची 1,489 मिलिमीटर, क्रेटाची 1,635, स्कॉर्पिओ-एनची 1,857. नुसतं छत वर गेलेलं नसतं, सीट, माणसं, इंजिन सगळंच वर सरकलेलं असतं, म्हणजे गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. चाकांमधलं अंतर मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई बांधावरून वळताना पावलं आवरून टाकते, तसं या गाडीला वळणाआधी आवरावं लागतं. वळणाआधी हा शब्द महत्त्वाचा. सेडानमध्ये वळणात शिरल्यावर थोडा ब्रेक दाबला तर चालून जातं. उंच गाडीत तेव्हा वजन पुढच्या बाहेरच्या चाकावर कोसळतं, मागचं आतलं चाक हलकं होतं आणि गाडी डोलते. ब्रेक सरळ रस्त्यावर संपवायचा, वळणात पाय हलका ठेवायचा, वळण उघडताना दिसलं की मग अॅक्सिलरेटर. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी घसरायला लागली की चाकांना वेगवेगळा ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, असलेलीच गाडी घ्या, यावर मी तडजोड करायला सांगणार नाही. पण ती यंत्रणा टायरची पकड वाढवत नाही. आहे तेवढी पकड चारही चाकांत शहाणपणानं वाटते, एवढंच. ओल्या रस्त्यावर पकडच संपली असेल तर तीसुद्धा काय करणार?

त्यामुळं ‘उंच म्हणजे सुरक्षित’ याचं माझं उत्तर अर्धं होय आहे. लांबचं दिसतं, खड्डा आधी दिसतो, समोरच्या सेडानच्या टपावरून पुढची उसाची ट्रॉली दिसते. हंगामात निपाणी-मुधोळ किंवा संकेश्वर-गोकाक रस्त्यावर रात्री निघणाऱ्याला हे फार उपयोगी आहे, कारण दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले कित्येक ट्रॅक्टर मागं लाल दिव्याशिवाय चाललेले असतात आणि ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला असतो. पण धडकेत माणूस वाचतो तो गाडीच्या ढाच्यामुळं, बेल्टमुळं आणि एअरबॅगमुळं. भारत एनकॅप ही गाड्या आदळवून सुरक्षिततेचे तारे देणारी चाचणी 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली आहे. तुमच्या यादीतल्या प्रत्येक गाडीचे मोठ्यांचे आणि लहान मुलांचे तारे वेगवेगळे बघा. आणि मागचे बेल्ट. उद्योगपती सायरस मिस्त्री 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात गाडीच्या अपघातात गेले, ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. गाडी भारीतली होती. आपल्याकडं मागचा बेल्ट म्हणजे सीटच्या फटीत खुपसून ठेवायची वस्तू, ही सवय सेडानमधून नव्या गाडीत आणू नका.

आता घाट उतरणं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. चोर्ला उतरून साखळीला पोचेपर्यंत तुम्ही यातली बहुतेक उंची सोडलेली असते, आणि ती मोठ्या भागानं घाटाच्या वळणांतच सोडता. त्या उंचीतली सगळी ऊर्जा कुठंतरी जायला पाहिजे. इंजिनानं धरली नाही तर ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. सिटी रिकामी साधारण साडेअकराशे किलोची, तीन रांगांची डिझेल एसयूव्ही दोन टनांच्या आसपास, वर सहा माणसं आणि सामान. ब्रेकवर जवळजवळ दुप्पट काम. खाली पोचल्यावर रबर जळाल्यासारखा वास येतो आणि पेडल स्पंजासारखं लागतं, ते याच्यामुळं. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं ही जुन्या लॉरी ड्रायव्हरांची रीत इथं शब्दशः लागू आहे. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये टाकून दुसरा-तिसरा धरून ठेवा, ‘डी’मध्ये सोडून ब्रेकवर बसू नका. न्यूट्रलमध्ये तर कधीच नाही. ब्रेक दाबायचा तेव्हा ठाम दाबून वेग खाली आणा आणि सोडा, सारखा घासत ठेवू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि ओलावा असलेलं ऑइल लवकर उकळतं, म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचं. खानापूर-कणकुंबीच्या पावसात फिरणाऱ्यांनी यात चालढकल करू नये.

अनमोड, आंबोली, तिलारी या सगळ्या घाटांना हेच लागू. तिलारीचा उतार आणि तिथली अरुंद वळणं बघता भरलेली लांब गाडी घेऊन पहिल्याच महिन्यात तिकडून जाऊ नका, असं स्पष्ट सांगतो. वेळ लागला तरी चालेल, बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यानं आंबोलीतून उतरा.

गाडी लागणं हा विषय कुठल्या माहितीपत्रकात नसतो, पण सहा माणसांच्या घरात तोच पहिला ठरतो. सिटीत कधी न ओकलेलं पोर नव्या एसयूव्हीत चोर्ल्याच्या वाटेवर जांबोटी सोडल्यावर पिशवी मागतं. उंच आणि मऊ गाडी वळणावर एका अंगाला झुकते, परत येते, पुन्हा झुकते. त्या झोक्यानं पोट ढवळतं. सगळ्यात वाईट तिसरी रांग: ती मागच्या चाकांवर असते, खिडकी लहान, समोर सीटची पाठ. आणि मुलांना नेमकं तिथंच बसवलं जातं. शोरूमवाल्याकडून टेस्ट ड्राइव्ह घ्याल तेव्हा तो तुम्हाला हायवेवर सरळ नेऊन आणील. तेवढ्यावर समाधान मानू नका. येळ्ळूरला राजहंसगडावर गाडी न्या. चढ आहे, वळणं आहेत आणि शहरापासून लांबही नाही. एसी चालू ठेवून, घरची पाच-सहा माणसं बसवून न्या. चढावर गाडी थांबवून परत उचलून बघा, हिल होल्ड, म्हणजे ब्रेक सोडल्यावर गाडी मागं न सरकू देणारी सोय, धरतो का ते कळेल. येताना स्टिअरिंग दुसऱ्याकडं द्या आणि तुम्ही स्वतः तिसऱ्या रांगेत बसा. माझ्या ओळखीत ज्यांनी हे केलं त्यातल्या बऱ्याच जणांनी आधी ठरवलेलं मॉडेल बदललं.

आईंना आणि वडिलांना शोरूममध्ये घेऊन जाच. सेडानमध्ये गुडघे वाकवून खाली उतरावं लागतं, त्याचा त्रास त्यांना होत असणार. मध्यम उंचीच्या एसयूव्हीत सीट बरोबर कमरेच्या रेषेत येते, पाठ फिरवून नुसतं टेकायचं. पण शिडीसारख्या चॅसीवर बांधलेल्या, म्हणजे स्कॉर्पिओ, बोलेरो जातीच्या गाड्यांत परत उलटं होतं. तिथं चढावं लागतं. साडी नेसलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला पायरीवर एक पाय ठेवून वर ओढून घेणं किती अवघड जातं ते पुरुषांना दिसत नाही. त्यांना कुणाचीही मदत न घेता दोनदा चढायला-उतरायला सांगा आणि मागं उभं राहून बघा. वरचं हँडल हाताला येतं का तेही बघा.

तुम्ही सहा जण आहात, म्हणजे पाच सीटच्या गाडीत कायद्यानं तुम्ही मावत नाही. सिटीत एक मूल मांडीवर घेऊन चालवलं असेल, ते आता नको, मुलं मोठी होतायत. दोन पर्याय उरतात. आई-वडील वर्षातून फक्त सौंदत्तीला आणि ज्योतिबाला बरोबर येत असतील तर पाच सीटची आटोपशीर गाडी घ्या आणि त्या दिवसांना भाड्यानं इनोव्हा सांगा. हिशेबात हे पुष्कळ स्वस्त पडतं. गोव्याला, पुण्याला सगळेच जात असाल तर तीन रांगा घ्या, पण तिसरी रांग उघडी असताना डिकीत किती बॅगा राहतात ते तुमच्या बॅगा नेऊन बघा. लोकांचा इथं गोंधळ होतो. सिटी क्रेटापेक्षा जवळजवळ वीतभर लांब आहे आणि सिटीची डिकी 506 लिटरची, क्रेटाची 433. एसयूव्ही मोठी दिसते, पण सामान सेडानमध्येच जास्त जातं. मग लोक टपावर कॅरिअर बांधतात. टपावर ठेवलेला प्रत्येक किलो गुरुत्वमध्य आणखी वर नेतो. टपाची मर्यादा गाडीच्या पुस्तकात छापलेली असते आणि ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच कमी निघेल.

खरं सांगायचं तर तुमच्या घराचं वर्णन वाचून मला एसयूव्हीपेक्षा अर्टिगा किंवा कॅरेन्ससारखी तीन रांगांची गाडीच जास्त बसते असं वाटलं. पण गाडी मनालाही आवडावी लागते, त्यावर वाद घालत नाही. एसयूव्हीच घ्यायची तर मोनोकॉक बांधणीची, म्हणजे ढाचा आणि चॅसी एकच असलेली घ्या. सेडानच्या सवयीच्या हाताला ती लवकर जमते, वळणात कमी डोलते आणि मागच्यांना हादरे कमी बसतात. शिडीच्या चॅसीची गाडी खराब रस्त्यावर, रेती-सिमेंट वाहायला दणकट. तुम्हाला ते काम नाही.

फोर बाय फोर नको. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक एसयूव्ही पुढची चाकं फिरवणाऱ्याच असतात, तुमच्या सिटीसारख्याच. चार चाकांना ताकद दिली म्हणून ब्रेक लवकर लागत नाही की वळण सुटत नाही, हे लक्षात ठेवा. घसरणाऱ्या जागी निघायला तिची मदत होते, थांबायला नाही. तुमचं शेत खानापूरच्या पश्चिमेला जांभ्या मातीत असेल तर पावसात पुढच्या चाकांवर चांगले टायर पुरतात. बैलहोंगलकडं काळ्या रानात असतं तर वेगळं बोललो असतो, ती माती चाकाला धरली की ट्रॅक्टरसुद्धा बोलवावा लागतो. आणि लिव्हरवाली पार्टटाइम फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावून चालवायची नसते, पुढच्या-मागच्या चाकांचं अंतर वळणात सारखं नसल्यानं गिअरबॉक्सवर ताण येतो. हे ठाऊक नसलेले बरेच मालक हौसेनं लावून फिरतात.

डिझेलबद्दल थोडं सविस्तर. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे नियम आल्यावर डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आहे, डीपीएफ. तो भरला की गाडी स्वतःच जास्त डिझेल जाळून सायलेन्सर तापवते आणि काजळी जाळून टाकते. त्याला सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगानं पळणं लागतं. तुमचं रोजचं काम काय? शहापूर ते उद्यमबाग, मधे रेल्वे गेट बंद, मग शाळा, मग घर. इंजिन नीट तापायच्या आत बंद होणार. दर वेळी काजळी जाळायला सुरुवात होणार आणि अर्ध्यात तुटणार. शेवटी डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि शोरूमला न्यावी लागते. शिवाय न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइलची पातळी वर चढते, ते निराळंच. गाडी उभी केल्यावरही पंखा जोरात फिरतोय, आयडलिंग थोडं वर आहे, गरम वास येतोय, असं दिसलं तर बंद करू नका. हायवेला लागा, हत्तरगीपर्यंत जाऊन या, काम होऊन जाईल. पण एवढं लक्ष रोज कोण ठेवणार? महिन्याला भरपूर हायवे असलेल्या माणसालाच मी डिझेल सुचवतो. तुम्हाला पेट्रोल ऑटोमॅटिक. त्यातही भरल्या गाडीनं घाट चढायचा म्हणजे टर्बो पेट्रोल किंवा हायब्रिड बरं. साध्या छोट्या पेट्रोल इंजिनाला तीन रांगा भरून चोर्ला परत चढायला लावलं तर ते ओरडतच राहतं. दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये घाटात रांग लागली की रांगत-रांगत चढू नका, क्लच तापतो. पुढं अंतर पडू द्या, मग एकदम जा.

पासिंगचा हिशेब तुम्ही बरोबर ऐकलाय. 14 लाखांच्या पेट्रोल गाडीला कर्नाटकात 17 टक्के आजीवन कर आणि त्या करावर 11 टक्के उपकर, मिळून 2 लाख 64 हजारांच्या आसपास. महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के, म्हणजे 1 लाख 68 हजार. फरक 96 हजार. म्हणून गडहिंग्लजच्या मामाच्या किंवा कागलच्या मेहुण्याच्या पत्त्यावर एमएच-09, म्हणजे कोल्हापूरचा नंबर, घेतलेल्या गाड्या बेळगावच्या टिळकवाडीत आणि कॅम्पात दिसतात. पण मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 47 प्रमाणे दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेली गाडी तिथं पुन्हा नोंदवावी लागते. नोंदवायला गेलात की कर भरावाच लागतो आणि महाराष्ट्रातल्या परताव्यासाठी खेपा घालाव्या लागतात. विमा एका पत्त्यावर आणि गाडी रोज दुसऱ्याच गावात, हे क्लेमच्या वेळी अडचणीचं ठरू शकतं. आणि सीमाप्रश्न तापला की नंबर प्लेट बघून काय होतं ते आपल्या भागात कुणाला समजावायला नको. तुम्ही इथंच राहणार, बेळगावचा केए-22 च घ्या. पैसे वाचवायची खरी जागा दुसरी आहे. कर्नाटकात 5 ते 10 लाखांना 14 टक्के आणि 10 लाखांवर गेलं की 17, तेही पूर्ण किमतीवर. तुमची पसंती 10 लाखांच्या सीमेजवळ असेल तर एक व्हेरिअंट खाली उतरून बघा. तसंच 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंत पेट्रोल किंवा 1500 सीसीपर्यंत डिझेल गाडीला जीएसटी 18 टक्के आहे, त्यापेक्षा मोठीला 40. पाच सीटच्या पर्यायाकडं गेलात तर हा फरक मोठा आहे.

टायरकडं येतो, तो माझा प्रांत. वरच्या व्हेरिअंटला मोठी अलॉय चाकं देतात, दिसायला झकास. पण चाक मोठं झालं की रबराची भिंत बुटकी होते. क्रेटाच्या 215/60 आर17 टायरची भिंत 129 मिलिमीटरची, सिटीच्या 185/55 आर16 ची साधारण 102. हे जास्तीचं रबर हाच आपल्या रस्त्यांवर एसयूव्हीचा खरा फायदा आहे. जांबोटी रस्त्यावर पाऊस संपल्यावर जे खड्डे पडतात त्यात ही भिंत अलॉय वाचवते. मोठ्या चाकाच्या हट्टापायी ती घालवू नका, आणि घेतल्यावर बाहेरून रुंद टायर तर मुळीच चढवू नका. बुश आणि बेअरिंग वेळेआधी जातात, मग ते माझ्याकडं येतात. हवेचे आकडे ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर असतात, दोन ओळींत: थोडी माणसं आणि भरलेली गाडी. पंपावरचा पोरगा सगळ्यांना पस्तीस मारतो, त्याला तुमचा आकडा सांगा. सहा जण घेऊन निघताना मागच्या चाकांची हवा वाढवायची विसरू नका. आणि गाडी भरली की मागं बसते, पुढचे दिवे वर बघतात. डॅशबोर्डवर दिव्यांची उंची कमी करायची छोटी चक्री असते, ती वापरा. उंच गाडीचे दिवे आधीच समोरच्याच्या डोळ्यांवर येतात, घाटात तर तो आंधळाच होतो.

पुढं लोखंडी गार्ड लावायचा आग्रह कुणीतरी करील. त्याच्यावर केंद्रानं 2017 च्या डिसेंबरात राज्यांना कारवाई करायला सांगितलेलं आहे. एअरबॅगच्या वेळेचं गणित त्यानं बिघडतं आणि पायी चालणारा माणूस थेट मरतो. सनरूफबद्दल एकच सांगतो, चालत्या गाडीत त्यातून डोकं बाहेर काढून उभं राहिलेलं मूल हे आंबोलीत पावसाळ्यात दर रविवारी दिसतं आणि मला ते बघवत नाही.

शहापूरच्या गल्ल्यांत तुम्हाला लांबीपेक्षा रुंदी नडेल. सिटी 1,748 मिलिमीटर रुंद, क्रेटा 1,790, स्कॉर्पिओ-एन 1,917, आणि हे आरसे सोडून. घराच्या दारात गाडी लावता तिथं खडूनं नव्या गाडीचा चौकोन आखा, दारं उघडायला दोन्हीकडं हातभर जागा ठेवा, मग बघा पलीकडच्याची बुलेट निघते का. गणपत गल्ली, खडे बाजारकडं ती न्यायचीच नाही असं आधी ठरवून टाका. दुसरं म्हणजे बॉनेट उंच असल्यानं पुढचं जवळचं दिसत नाही. बंपरला लागून खेळणारं मूल, बसलेलं कुत्रं, दोन्ही नजरेआड. मागचा कॅमेरा सगळे बघतात, पुढचं कोण बघत नाही. गल्लीतून निघायच्या आधी गाडीला एक फेरी मारायची सवय लावा. काचेच्या बाजूचे खांबही जाड असतात. चोर्ल्याच्या उजव्या वळणावर समोरून येणारी दुचाकी त्या खांबाआड बरोबर लपते. मान पुढं-मागं हलवून बघा, लाज वाटून घेऊ नका.

पाण्याचं. उंच गाडी आहे म्हणून वाहत्या पाण्यात घालू नका. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ आल्यावर राष्ट्रीय महामार्ग बंद करावा लागला होता, तिथं दोन टनांच्या गाडीची काय कथा. गुडघाभर जोराचं पाणी गाडी बाजूला सरकवतं. आणि हवा ओढायच्या नळीतून पाणी इंजिनात गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करून बघायची नाही, ढकलून बाहेर काढायची आणि टोइंग बोलवायचं. विम्यात इंजिन संरक्षणाची जोड घ्या, आपल्या पावसाला ती लागतेच.

राहिला जुन्या सिटीचा विषय, तो तुम्ही विचारला नाही पण येणारच आहे. गल्लीत दोन गाड्यांची जागा नसेल तर विका. एक्स्चेंजमध्ये शोरूमचा आणि बाहेरचा असे दोन्ही भाव घ्या. आरसी घेणाऱ्याच्या नावावर झाल्याचं ऑनलाइन स्वतः बघितल्याशिवाय विषय संपला असं धरू नका. तिचा फास्टॅग बंद करा. टोलचा 200 खेपांचा वार्षिक पास काढला असेल तर तो गाडीच्या नंबराला बांधलेला आहे, नव्या गाडीवर जात नाही. नव्या गाडीला पुण्याच्या वाटेवर टोल मात्र सिटीएवढाच लागेल, कार आणि जीप यांचा वर्ग एकच आहे.